वकिलांच्या बिल्डिंगची मागची पायरी

या सदरात लिहिणारे बहुतेक जण 'माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता' असं म्हणून सुरुवात करतात. माझ्या बाबतीत तर तो नसणं भागच होतं. आम्ही बौद्ध. छपन्न सालानंतर आमच्या गावातल्या आमच्या सगळ्या घरांनी धर्म बदलला तेव्हा देव, नवस, अंगात येणं, भूतखेत... हे सगळं शपथ घेऊन सोडलं. देव्हाऱ्यातले टाक वडिलांनी स्वतः नेऊन ओढ्यात टाकले. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो आणि त्यांच्या मागोमाग पळत गेलो होतो, एवढं आठवतं.

त्यात माझी नोकरी. मी सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर टेस्टर होतो. गावोगावच्या सोसायट्यांमधून आलेल्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि पाणी घातलंय का ते सांगायचं, हे काम. रोज कुणी ना कुणी छातीवर हात ठेवून म्हणायचं, 'साहेब, थेंबभर पाणी न्हाय.' मी त्याच्या तोंडाकडे न बघता आकडा वाचायचो. माझी बायको विमल म्हणायची, तुम्ही माझ्या बोलण्यातसुद्धा लॅक्टोमीटर बुडवून बघता. खरं होतं ते.

हे सगळं आत्ता लिहायला कारण झाली एक जाहिरात. विमल जाऊन तीन वर्षं झाली, माझे गुडघे गेलेत, म्हणून मुलीने आमचं घर विकायला काढलं आणि पुण्यात बसून नेटवर टाकलं — 'दुसऱ्या महायुद्धाआधीचं भक्कम दगडी बांधकाम. तळमजल्याचा संपूर्ण ब्लॉक, चार प्रशस्त खोल्या, सागवानी दारं, रंगीत काचा, मागे फरसबंद अंगण, कधीही न आटलेला आड. अत्यंत शांत वस्ती.' यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तिला म्हटलं, एक ओळ राहिली. ती म्हणाली, 'बाबा, ती ओळ टाकली तर एक फोन येणार नाही.' म्हणून ती ओळ इथं लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एकोणऐंशी साल. बहात्तरच्या दुष्काळाला सात वर्षं झाली होती, पण उस्मानाबादेत पाण्याचा विषय निघाला की माणसं अजून आवाज खाली आणायची. मी आणि विमल तेव्हा दूध केंद्राच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. चांगल्या गल्लीत खोली बघायला गेलो की आधी चहा यायचा, मग आडनाव विचारलं जायचं, आणि वाघमारे म्हटलं की खोली 'कालच दिली' असायची. एकदा तर माझा अर्धा चहा पिऊन झाला होता. विमलला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती, त्यामुळे येणारा उन्हाळा तिला पत्र्याखाली काढायचा नव्हता. तिला घर हवं होतं, आणि ते आम्हाला कुणी देत नव्हतं.

अशात केंद्रावरच्या एकाने सांगितलं, वकिलांच्या बिल्डिंगचा खालचा मजला विकायचाय, मालक कुणालाही द्यायला तयार आहे. 'कुणालाही' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं.

ही बिल्डिंग म्हणजे निजामाच्या काळात एका बड्या वकिलांनी हैदराबादहून मिस्त्री आणून बांधलेली. दोन मजले, दीड-दीड हात जाडीच्या भिंती. दिवाणखान्यात काळी-पांढरी फरशी. विजेची बटणं पितळेची. छत इतकं उंच, की विमल म्हणाली, 'इथं आज बोललेलं उद्या ऐकू येईल.' मागे दगडी अंगण, अंगणात आड, आडावर लोखंडी कप्पी. नळ आल्यापासून आड कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे कप्पी गंजून घट्ट बसलेली आणि दोर-पोहरा केव्हाच काढून टाकलेला. अंगणाचं मागचं दार बोळात उघडायचं, आणि त्या दाराला आतल्या बाजूने एक रुंद काळी पायरी होती. पायरीपासून आड चार पावलांवर. हे नीट लक्षात ठेवा.

मालक म्हणजे वकिलांचे चिरंजीव, नानासाहेब. साठीचे, विधुर, वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मुलं हैदराबादेत. व्यवहार ठरला तेव्हा मला म्हणाले, "वाघमारे, घर तुमचं झालं. फक्त एक अर्ज आहे. दुपारी मी खाली येऊन त्या मागच्या पायरीवर तांब्याभर पाणी ठेवत असतो. तेवढं ठेवू द्या."

"पाखरांना का?"

"हां... पाखरांनाच म्हणा."

मला माणूस भला वाटला. आडनाव विचारून चहा अर्धा ठेवणाऱ्यांच्या गावात हा माणूस मला अर्ज करत होता. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी सायकलवरून शीळ घालत केंद्रावर गेलो.

माझी माय गावाकडे राहायची, अणदूरच्या पुढे. वडील तोवर गेले होते. मी फुशारकीने घराची बातमी सांगायला गेलो तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती.

"कुठल्या अंगाला घेतलंस?" तिने विचारलं.

"वकिलांची बिल्डिंग. तुला काय माहीत असणार, पण..."

तिचा हात सुपातच थांबला. "तुला दुसरं घर गावलं न्हाय व्हय?"

एवढंच. मग उठून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. आम्ही घरात बुद्धवंदना ठेवली त्या दिवशीही ती आली नाही. मी भयंकर चिडलो. पोराने शहरात, तेही असल्या गल्लीत घर घेतलं तर हिला पोटात दुखतंय, असं मी विमलला म्हणालोसुद्धा. पुढचे सहा महिने मी मायकडे गेलो नाही.

एक सांगायला हवं. मला एक धाकटी बहीण होती, कमळ. दुष्काळात गेली, दहा-अकरा वर्षांची असताना. तेव्हा मी परभणीला शिकत होतो, आणि माय-वडील कमळला घेऊन उस्मानाबादच्या बाहेर खडी फोडायच्या कामावर पाल टाकून राहिले होते. 'कामावर ऊन लागलं' एवढंच मला कळवण्यात आलं. मी पोचलो तोवर माती झालेली होती. तेव्हापासून मायचं बोलणंच कमी झालं होतं, त्यामुळे तिच्या त्या गप्प बसण्यात मला नवीन काही दिसलं नाही.

डिसेंबर लागताना राहायला गेलो. थंडी मजेत गेली. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं आणि विमल एक दिवस म्हणाली, "अहो, दुपारी मागच्या दारी कुणीतरी भांडं घेऊन येतं."

मी म्हटलं, मोलकरीण असेल कुणाची. ती म्हणाली, दाराला आतून कडी आहे.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी बसून राहिलो. दोनच्या सुमारास आवाज आला. दगडावर भांडं ठेवल्याचा. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची कळशी, आणि रिकामी. रोज शेकडो कॅन हाताळणाऱ्या माणसाला भरलेलं भांडं कुठलं आणि रिकामं कुठलं हे आवाजावरून कळतं, त्यात चूक होत नाही. मी अंगणात गेलो. कुणी नाही. पायरीवर नानासाहेबांचा तांब्या, काठोकाठ भरलेला. आत येऊन बसलो तर थोड्या वेळाने पुन्हा... बसून कंटाळलेलं माणूस भांडं जरा इकडचं तिकडं सरकवतं, तसा आवाज. चार वाजता बंद झाला.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. आधी मांजर, मग वरच्या मजल्याचा पाइप, मग तापून प्रसरण पावणारी कडी... एकेक तपासून बाद केलं. असंच एकदा दुपारी अनवाणी पायरीवर उभा राहिलो. दगड असा तापलेला, की पाय टेकवत नव्हता. आणि पाय सरकवला तर मधेच एक जागा गार लागली.

मी दुधाचं थर्मामीटर आणून दगडाला लावलं. त्या जागेचा आकडा आजूबाजूच्या दगडापेक्षा पंधरा-सोळा अंशांनी खाली. वर सावली नव्हती, सूर्य थेट डोक्यावर. मी खडूने कडेकडेने आखून बघितलं. एखादं पोर मांडी घालून बसेल तेवढी जागा होती. खाली झरा असेल म्हणून गवंडी बोलावून बाजूचा दगड उचकटून बघितला. खाली कोरडा मुरूम. आणि ती जागा फक्त दोन ते चार गार असायची. सकाळी नाही, संध्याकाळी नाही.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. ज्याचा आकडा येतो त्याला कारण असलंच पाहिजे, असं मी विमलला ओरडून सांगितलं. तिच्याकडे बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचे ओठ फुटलेत.

एप्रिलपासून तिची तहान भागेना. सकाळी ठीक असायची. दोन वाजले की घसा कोरडा पडायचा. तांब्या तोंडाला लावायची, पाणी पोटात जायचं, आणि जीभ तशीच टाळूला चिकटलेली. तीन-तीन तांबे पिऊन रडायची. सातवा महिना चालू होता. मे महिन्यात एका दुपारी ती दिवाणखान्याच्या फरशीवर पडलेली सापडली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी मलाच झापलं, 'अंगातलं पाणी गेलंय हिच्या. घरात पाणी नाही का तुमच्या?' सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, सलाईन चालू असताना. बाळाचे ठोके मंद पडलेत, काही सांगता येत नाही म्हणाले. दोन गेली होती. हे तिसरं माझ्या डोळ्यांसमोर जात होतं आणि कशाने जातंय ते मला मोजता येत नव्हतं.

तिचे कपडे न्यायला घरी आलो. दुपारची वेळ. कपडे उचलून निघतो तर मागे नानासाहेब वाकून पायरीवर तांब्या ठेवत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी जाऊन तांब्याला लाथ मारली. पाणी पायरीभर पसरलं... आणि त्या खडूने आखलेल्या जागेला वळसा घालून गेलं. आत थेंब शिरला नाही. आम्ही दोघांनी ते बघितलं. नानासाहेब तिथंच अंगणात खाली बसले.

"कोण आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही हो. नाव माहीत नाही." ते पायरीकडेच बघत होते. "दुष्काळात आमचा आड आटला नव्हता. खडी फोडणाऱ्या बायका दुपारी मागच्या दारी यायच्या. आमची मंडळी पोहऱ्याने शेंदून त्यांना वाढायची. एका दिवशी घरची सगळी तुळजापूरला गेली. मी एकटा वर झोपलेलो. मागचं दार तसंच उघडं राहिलेलं. चहाच्या वेळेला उठलो, खिडकीतून बघतो तर एक बाई एका पोरीला उचलून बोळातून नेतेय. पोरीची मान अशी... पायरीवर कळशी पडलेली. पुढच्या उन्हाळ्यापासून आवाज सुरू झाला. माझी पत्नी त्याच धसक्याने वारली. भाडेकरू टिकले नाहीत. मी घराची शांत केली, ब्राह्मणभोजन घातलं, रोज स्वतःच्या हाताने पाणी वाढतोय. ती घेतच नाही."

"आणि हे माहीत असून तुम्ही मला घर दिलंत?"

त्यांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, आमच्या हातचं ती घेत नसेल. तुमच्यातलं कुणी वाढलं तर घेईल."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो नाही, कारण हातात विमलचे कपडे होते. सहा महिने मी समजत होतो की या एका माणसाने माझी जात बघितली नाही. त्याने तेवढीच बघितली होती.

दवाखान्यात विमल क्षीण आवाजात एकच म्हणत होती, मायला आणा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी गेलो. माय दारातच होती. मी विमलची तहान सांगितली, भांड्याचा आवाज सांगितला, नानासाहेबांचं सांगण्याआधीच तिने लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

उस्मानाबादेत उतरल्यावर मी दवाखान्याकडे वळलो तर म्हणाली, "आधी घरी."

गल्लीत आलो. मी पुढच्या दाराचं कुलूप काढायला लागलो आणि मागे वळून बघतो तर माय नाही. ती बोळात शिरली होती. त्या बोळाचा तोंडाकडचा भाग इतका अरुंद आहे, की नवीन माणसाला तिथं वाट आहे हेच कळत नाही. मी तिला हे घर कधीच दाखवलं नव्हतं. मी घरातून पळत जाऊन मागच्या दाराची कडी काढली. माय बाहेर उभी होती, चपला हातात घेऊन.

ती आत आली आणि त्या तापलेल्या पायरीवर बसली. खडूच्या खुणा कालच्या पाण्याने पुसून गेल्या होत्या. तरी ती बरोबर ती जागा सोडून, तिच्या शेजारी बसली. तेव्हाच मला कळलं.

"कमळ कामावर न्हाय मेली," माय म्हणाली. "हितं मेली."

नानासाहेब जिन्यात येऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"म्या रोज धाडायची तिला. आमी दोघं खडीवर, पालात पानी न्हाय. त्या दिशी बी धाडली. धाडताना म्हनलं, पानी घेतल्याबिगर येऊ नगं. अन् कुनी वाढल्याबिगर आडाला शिवू नगं. घरात कुनी नव्हतं. बाकीच्या बाया बघून माघारी फिरल्या. ही बसली. म्या आले तवा दोर आडावरच व्हता. पोहरा बी तितंच. चार पावलं न्हायती, बघ तू. तरी उठली न्हाय. लई शहाणी पोर. सांगितलेलं ऐकायची."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मी ओरडलोही. "माय, धर्म बदलून सतरा वर्षं झाली होती तेव्हा. ओढ्यात देव सोडले आपण. मग आडाला शिवू नको कशाला सांगितलंस?"

"देव सोडाया एका सकाळचं काम व्हतं रं," ती म्हणाली. "हे न्हाय सुटलं. शिवली अन् कुनी मारलं तर, म्हनून सांगितलं."

इतक्यात कळशीचा आवाज झाला. आमच्या तिघांच्या देखत, मोकळ्या दगडावर, रिकाम्या कळशीचा. माय दचकली नाही. तिने हात पुढे केला, आणि एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तेवढ्या उंचीवर तो थांबला. नानासाहेब घाईघाईने तांब्या भरून घेऊन आले.

"तुमी नगा वाढू," माय त्यांना म्हणाली. "तुमचं वाढनं सात वर्सं मागं ऱ्हायलं. अन् ती तुमच्यासाठी बसलीच न्हाय. ती माझ्या सांगन्यापायी बसलीय." मग मला म्हणाली, "दोर आन."

केंद्रावरच्या गाडीला बांधायचा नवा दोर माझ्याकडे घरात होता. तो कप्पीवरून घातला. कप्पी फिरत नव्हती, दोर नुसता तिच्यावरून घासत गेला. टोकाला घरातली बादली बांधून आडाच्या कठड्यावर ठेवली. माय पायरीवर त्या जागेसमोर उकिडवी बसली.

"कमळे, ऊठ बाय," ती म्हणाली. "म्या चुकीचं सांगितलं व्हतं. आता कुनाची वाट बघू नगं. तुझ्या हातानं शेंद."

मग तिने आम्हा दोघांना आत घातलं, स्वतःही आली, आणि घराचं अंगणाकडचं दार लावून घेतलं. "बघत उभं ऱ्हायलं तर तिला भ्या वाटंल," म्हणाली.

आम्ही तिघं दाराच्या आत उभे होतो. बराच वेळ काही नाही. मग कप्पी वाजली. गंजलेली, घट्ट बसलेली कप्पी एकेक झटका घेत फिरायला लागल्यासारखी. थांबत थांबत... लहान हातांना ओढायला जड जावं तशी. खाली खोलवर बादली पाण्याला लागल्याचा आवाज आला. पुन्हा कप्पी. मग भांड्यात पाणी पडायला लागलं. भांडं भरत येतं तसा धारेचा आवाज वर चढत जातो, हे मी आयुष्यभर ऐकलंय. तो चढत गेला आणि काठाला येऊन थांबला. माय दाराला कपाळ टेकून उभी होती. ती रडत नव्हती, मोठ्याने श्वास घेत होती.

दार उघडलं तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. बादली कठड्यावर, रिकामी, पण आतून ओली. दोर ओला. मी थर्मामीटर आणलं. माझी सवय, काय करू. पायरी सगळीकडे सारखी तापलेली होती. कप्पीला हात लावून बघितला. ती तसूभर हलली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा विमल उशाला टेकून बसली होती. आम्ही अंगणात होतो त्याच सुमारास तिने नर्सकडे पाणी मागितलं होतं आणि अर्धा पेला पिऊन 'पुरे' म्हणाली होती. 'पुरे' हा शब्द तिने दीड महिन्यात उच्चारला नव्हता. जुलैत मुलगी झाली, ठणठणीत. हीच ती, जाहिरात टाकणारी. मी म्हटलं होतं, नाव कमळ ठेवू. माय म्हणाली, नको, तिचं तिला असू दे.

तो आवाज त्यानंतर कधी आला नाही. माय आमच्याकडेच राहिली. नानासाहेबांनी तांब्या ठेवायचं बंद केलं. ते आणि माय एकाच बिल्डिंगमध्ये आठ वर्षं राहिले आणि माझ्या माहितीत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मायने स्वतःला माफ केलं असं मला वाटत नाही. शेवटच्या दुखण्यात तिला उठवत नव्हतं, विमल चमच्याने पाणी द्यायची तर तोंड मिटून घ्यायची. म्हणायची, 'वाढू नगं. म्या उठून घेते.' आणि भिंत धरून माठापर्यंत जायची. शेवटच्या दिवशी ती माठापर्यंत पोचली नाही.

आता तुम्ही विचाराल, स्पष्टीकरण काय? एका डॉक्टर मित्राने विमलच्या तहानेचं एक कारण सांगितलं होतं, ते मला अर्धंच पटलं. कप्पीचं कुणी सांगू शकलं नाही. दगडाचं तर मी विचारायचंच सोडून दिलं. भूत मी आजही मानत नाही. शपथ घेतलीय आणि ती मोडायची नाही. पण माझ्या बहिणीला मी मानतो, आणि ती सात उन्हाळे तिथं बसून होती हेही मानतो. या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

गेल्या आठवड्यात एक जण घर बघायला आला होता. चांगला माणूस, आडनाव विचारलं नाही. म्हणाला, घर फर्स्टक्लास आहे, फक्त हा आड बुजवून गाडी लावायला जागा करू. मी त्याला चहा पाजला आणि घर कालच दिलं म्हणून सांगितलं.

तर राहिलेली ओळ ही. घरात नळ आहे, आड आम्ही कुणीच वापरत नाही. कप्पीवरचा दोर मात्र मी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, कारण कप्पीला लागतो तेवढ्या भागात तो झिजतो. नायलॉनचा घातला तरी झिजतो. कशाने, मला माहीत नाही. यंदाही बदलायला झालाय. जो कुणी हे घर घेईल त्याने पायरीवर पाणी ठेवू नये. दोर तेवढा ठेवावा.